ब्रेक तेवढे फेल करू नकोस

भाचीने कॉलेजातल्या चार पोट्ट्यांना सोबत घेऊन सिनेमाची गोष्ट लिहिली आहे. इटारसीकडून येणाऱ्या एक्स्प्रेसचे ब्रेक फेल होतात. गाडी नागपूर स्टेशनात घुसून एक नंबर प्लॅटफॉर्मची भिंत फोडणार, इतक्यात नायक रुळांवरच्या रामझुला पुलावरून टपावर उडी घेतो, मधले डबे सोडवतो आणि सगळ्यांना वाचवतो. खाली दोन प्रश्न होते : 'मामा, हे पटतं का? आणि रेल्वेवरचे कोणते थरारपट आधी बघू?' मी नागपूरच्या अजनीतून इंजिन चालवण्यात जन्म घालवला. सिनेमेही बरेच पाहिले, बहुतेक रनिंग रूममधल्या, म्हणजे आमच्या विश्रांतीघरातल्या टीव्हीवर, अर्धेमुर्धे, ड्यूटीचा कॉल येईपर्यंत. उत्तर लांबलं, म्हणून सगळ्यांनाच वाचायला देतो.

पोरी, आधी भिंतीचं बघू. नागपूर स्टेशनात गाडीने फोडावी अशी भिंत आहे कुठे? १९२५ सालची ती वालुकाश्माची इमारत रुळांच्या बाजूला उभी आहे, रुळांच्या टोकाला नाही. इटारसीकडून बेफाम आलेली गाडी आपल्या स्टेशनातून सरळ पुढे निघेल आणि अजनी, खापरी करत वर्ध्याच्या वाटेला लागेल. भिंत फोडायची तर रूळ जिथे संपतात असं टर्मिनस हवं. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनात १८९५ साली एक गाडी भिंत फोडून खरोखरच खाली रस्त्यावर लोंबकळली होती, तिचा फोटो तू पाहिला असशील.

आता रामझुला. खाली तारांमध्ये २५ हजार व्होल्ट आहेत. टपावर उडी मारणाऱ्याला त्या तारेला हात लावायचीही गरज नसते, पुरेसा जवळ गेला तरी ती ओढून घेते. तुझा हिरो डब्याला पाय टेकण्याआधीच संपला. टपावरच्या मारामाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या काळात शोभत होत्या. आज तसं काही दाखवू नका, बघून कोणीतरी पोट्टा करायला जातो.

राहिले ब्रेक. इथे मी जरा वेळ घेणार आहे.

'द बर्निंग ट्रेन' १९८० साली आला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. बर्डीवरच्या टॉकीजमध्ये दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा घाम फुटला. त्यात खलनायक व्हॅक्यूम ब्रेक निकामी करतो, इंजिनात बॉम्ब ठेवतो आणि दिल्लीहून मुंबईला निघालेली गाडी पेटत्या अवस्थेत पळत सुटते. नंतर मी नोकरीला लागलो. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, की दिग्दर्शक रवी चोप्रांनी आपल्याला गंडवलं. गंडवलं ते फार सुंदर, पण गंडवलंच.

कारण रेल्वेचा ब्रेक उलटा चालतो. सायकलचा ब्रेक तू दाबतेस तेव्हा लागतो. आमच्या गाडीचा ब्रेक आपण होऊन लागलेलाच असतो, आम्ही तो मेहनतीने सोडवून ठेवतो. जुन्या व्हॅक्यूमच्या गाडीत पाइपातली हवा खेचून काढायची, तेव्हा कुठे चाकं मोकळी व्हायची. आताच्या गाडीत पाइपात हवेचा दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब भरायचा, मग ती मोकळी होतात. पाइप तुटला, कापला, डबा सुटला, कोणी साखळी ओढली, की दाब पडतो आणि ब्रेक लागतो. म्हणजे खलनायकाने पाइप काढून नेला तर गाडी बेफाम सुटणार नाही. ती जागची हलणारच नाही. वैतागलेले प्रवासी खाली उतरून चहा पितील आणि थरारपट तिथेच संपेल.

मधले डबे सोडवायचा तुझा प्रसंगही याच कारणाने पडतो. डबे वेगळे झाले की मधला होज पाइप सुटतो आणि पुढचा-मागचा दोन्ही भाग आपले आपण थांबतात. शिवाय गाडी ताणात असताना कपलिंग हाताने उघडत नाही, तो नायक जिममध्ये कितीही गेलेला असो.

मग गाड्या बेफाम सुटतच नाहीत का? सुटतात. पण त्यामागे बहुधा कोणाचा तरी 'सगळं ठीक आहे' असा समज असतो. इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट हीच : गाडी थांबवणं सोपं असतं, ती थांबवायची वेळ आली आहे हे वेळेवर कळणं अवघड असतं. चांगल्या रेल्वेपटाचा जीव त्या न कळण्यात असतो.

एक खरी घटना सांगतो. ही नीट वाच, तुझ्या अख्ख्या गोष्टीपेक्षा हिच्यात जास्त थरार आहे. पॅरिस, २७ जून १९८८. संध्याकाळची लोकल शहराकडे निघालेली. उन्हाळी वेळापत्रक नुकतंच लागलेलं, त्यामुळे एका छोट्या स्टेशनावरचा थांबा रद्द झालेला. एका बाईला तिथे उतरायचं होतं. तिने आणीबाणीचा ब्रेक ओढला, गाडी थांबली, बाई उतरून गेली. ड्रायव्हर ब्रेक पूर्ववत करायला खाली उतरला आणि त्या खटपटीत त्याच्या हातून दोन डब्यांमधला कॉक बंद झाला. अँगल कॉक म्हणतात त्याला, हवेचा पाइप बंद करणाऱ्या नळाच्या तोटीसारखा असतो. त्यामुळे मागच्या डब्यांचे ब्रेक लागलेलेच राहिले. त्याला वाटलं, पाइपात हवा अडकली आहे. मग त्याने आणि गार्डने एकेक डबा गाठून हवा काढली आणि ब्रेक हाताने सोडवले. आता गाडी मोकळी झाली. फार जास्त मोकळी झाली. मागच्या डब्यांना ब्रेकच उरला नाही, आणि इंजिनातला काटा मात्र भरपूर दाब दाखवत होता, कारण तो बंद कॉकच्या अलीकडचाच दाब मोजत होता.

पुढे बघ नियती कशी पटकथा लिहिते. गाडीला सव्वीस मिनिटं उशीर झालेला, म्हणून कंट्रोलने, म्हणजे गाड्या हाकणाऱ्या ऑफिसने सांगितलं, पुढचं स्टेशन न थांबता काढ. तिथे थांबायला गेला असता तर ब्रेक नाहीत हे सपाटीवरच कळलं असतं. कळलं ते शेवटच्या उतारावर. त्याने रेडिओवर धोक्याचा इशारा दिला, पण घाईत आपली गाडी कोणती ते सांगायचं राहिलं. सिग्नलवाल्यांनी नियमाप्रमाणे सगळीकडे लाल केलं. त्यामुळे या गाडीसाठी आधीच लागलेला रिकाम्या प्लॅटफॉर्मचा मार्गही रद्द झाला आणि गाडी पॅरिसमधल्याच ल्याँ नावाच्या स्टेशनातल्या प्रवाशांनी भरलेल्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळली. ५६ माणसं गेली. त्या उभ्या गाडीचा ड्रायव्हर शेवटपर्यंत आपल्या केबिनमधून 'उतरा, बाहेर पळा' असं प्रवाशांना सांगत राहिला. तोही त्यात गेला.

यात खलनायक दाखव. कोणीही नाही. जो तो आपलं काम करत होता, बहुतेकांनी नियमही पाळले होते. मी नवीन असिस्टंटांना ही गोष्ट सांगायचो, मग त्यांना अँगल कॉक दाखवायला यार्डात न्यायचो. एकदा ऐकलेला मुलगा गाडी निघण्याआधी शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचला का ते पाहिल्याशिवाय सही करत नाही.

हॉलिवूडला हे जमलं ते 'अनस्टॉपेबल'मध्ये, २०१०, दिग्दर्शक टोनी स्कॉट. त्यामागे १५ मे २००१ ची ओहायोतली घटना आहे. यार्डात ४७ डब्यांची मालगाडी हलवताना ड्रायव्हर पुढचा पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा सांधा, फिरवायला चालत्या इंजिनातून उतरला. त्याची समजूत अशी, की आपण डायनॅमिक ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या मोटारींनीच वेग कमी करणारा ब्रेक, लावून उतरतो आहोत. प्रत्यक्षात हँडल पॉवरवर होतं. यार्डातलीच हालचाल, म्हणून डब्यांचे हवेचे पाइप जोडलेले नव्हते. गाडी एकटीच निघाली आणि सुमारे शंभर किलोमीटर पळाली, दोन डब्यांमध्ये विषारी फिनॉल. शेवटी दुसऱ्या इंजिनाने मागून पाठलाग करून तिला जोडून घेतलं, वेग उतरवला आणि एक कर्मचारी धावत चढला. सिनेमाने वेग वाढवला, संसारातली भांडणं घातली. पण पाया खरा ठेवला, म्हणून तो आम्हा लोकांनाही बसवून ठेवतो. आपल्याकडेही २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूकडच्या कठुआत उभी ठेवलेली ५३ डब्यांची खडीची गाडी माणसाशिवाय निघाली आणि पंजाबात सुमारे ७० किलोमीटर गेली. लाकडी ठोकळे आणि वाळूची पोती टाकून ती थांबवली. कोणाला खरचटलंही नाही, त्यामुळे दोन दिवसांत लोक विसरले.

'रनअवे ट्रेन' (१९८५) पण बघच. मूळ पटकथा जपानी दिग्दर्शक कुरोसावांची. अलास्काच्या बर्फात म्हातारा ड्रायव्हर हार्ट अटॅकने पडतो, ब्रेक लागतात, पण इंजिनं पूर्ण पॉवरवर असल्याने ब्रेकचे गुटके घासून जळून जातात. हे पटतं. भरलेली गाडी लांब उतारावर नुसत्या गुटक्यांवर सांभाळली की काय वास सुटतो ते इटारसी मार्गावरच्या मारामझिरी-धाराखोहच्या घाटात काम केलेल्या कोणालाही विचार. कसाऱ्याचा घाट तर ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चालल्यावर एक मीटर खाली.

जपान्यांनी मात्र कमाल केली आहे. १९७५ चा, जुन्या शिंकान्सेनवरचा 'द बुलेट ट्रेन'. बॉम्ब असा लावलाय, की वेग ताशी ८० किलोमीटरच्या खाली आला की फुटेल. आता वर मी ब्रेकबद्दल लिहिलेलं पुन्हा आठव. काही बिघडलं की थांबायचं, ही रेल्वेची सगळी घडण. लेखकाने नेमकं तेच विषारी करून टाकलं. लाल सिग्नल, साखळी, ड्रायव्हरची सवय, कंट्रोलचा हुकूम, जे जे माणसाला वाचवायला केलं आहे ते सगळं इथे मारायला उठतं. जपानच्या रेल्वेने शूटिंगला मदत नाकारली, मग त्यांनी छोट्या मॉडेलवर निभावलं. काही ठिकाणी ते कळतंही, पण त्यामुळे काही बिघडत नाही. पुढे 'स्पीड'मध्ये हीच कल्पना बसवर आली.

'द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री' हा १९७४ चाच बघ, नंतरचे राहू दे. न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीचं अपहरण. यातलं कंट्रोल ऑफिस इतकं खरं आहे, की मला आमचे लोक आठवले : एकजण शिव्या देतोय, एकजण डबा खातोय, एकाला वेळापत्रक बिघडल्याचं ओलिसांपेक्षा जास्त दुःख. कथेचा खिळा आहे 'डेड मॅन'चा. ड्रायव्हरचा हात सुटला की गाडी थांबते, म्हणून सगळ्यांना खात्री असते, की गाडी चालते आहे म्हणजे आत कोणीतरी आहे. पुन्हा तीच चुकीची खात्री. आमच्या इंजिनात याचा भाऊ आहे, व्हीसीडी, ड्रायव्हर जागा आहे ना ते तपासणारं यंत्र. साठ सेकंदांत तू काहीच हाताळलं नाहीस तर दिवा लागतो, आठ सेकंदांनी भोंगा, आणखी आठ सेकंदांनी ब्रेक. रात्री तीन वाजता त्या दिव्याकडे बघत बसलेला माणूस लिहून बघ.

भुतांचे, झोंबींचे राहू दे. 'ट्रेन टू बुसान' मजेदार आहे, पण त्यात रेल्वे शिकायला फारसं काही नाही. 'किल' (२०२३) रक्ताने भरलेला आहे. तरी एक गोष्ट शिकण्यासारखी : एसी डब्याचा अरुंद पॅसेज, पडदे, बाजूची बर्थ, संडासाजवळचा कोपरा, हे भूगोलासारखं वापरलं आहे. हिचकॉकने तेच १९३८ मध्ये, 'द लेडी व्हॅनिशेस'मध्ये, एकही माणूस न कापता केलं होतं. धावत्या गाडीतून म्हातारी गायब होते आणि सगळा डबा म्हणतो, अशी बाई इथे नव्हतीच.

तुझी गोष्ट स्टेशनावरची आहे, म्हणून 'द रेल्वे मेन' (२०२३) चारही भाग बघ. भोपाळच्या वायुकांडाची रात्र, २-३ डिसेंबर १९८४. मालिकेत बरंच रचलेलं आहे. लुटारू वगैरे ठीक. गाभा मात्र घडलेला आहे. भोपाळ स्टेशनाचे उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री वरच्या परवानगीची वाट न पाहता फलाटावर उभी असलेली, प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधी रवाना केली आणि विदिशा, इटारसीकडे निरोप धाडून येणाऱ्या गाड्या थांबवायला सांगितलं. त्यांच्या फुप्फुसांनी पुढे आयुष्यभर किंमत मोजली, २००३ मध्ये ते गेले. नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या त्याच फलाटांवर थांबतात. मी तिथे उभा असलो की एकच विचार यायचा : पुढचा रस्ता मोकळा असल्याची 'लाइन क्लिअर' परवानगी न घेता, सही न करता गाडी सोडायची म्हणजे काय. सिनेमावाल्यांना ते एक वाक्य वाटतं. स्टेशन मास्तरासाठी तो नोकरी, कायदा आणि उभ्या जन्माची सवय मोडण्याचा क्षण असतो. आणि चूक ठरली तर? समोरून गाडी येत असेल तर? २० ऑगस्ट १९९५ ला फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेस जनावराला धडकून ब्रेक लागून उभी होती. सिग्नलच्या केबिनमधल्या माणसाला वाटलं ती पुढे गेली. त्याने मागच्या पुरुषोत्तमला रस्ता दिला आणि साडेतीनशेच्या वर माणसं मेली. तोच अधिकार, तीच लीव्हर, फक्त समज चुकलेला.

आता माझं स्वतःचं एक. नव्वदच्या दशकातली गोष्ट, वॉकी-टॉकी हातात यायच्या आधीची. जुलै महिना, रात्र, धो धो पाऊस. भरलेली मालगाडी घेऊन वर्ध्याकडे चाललो होतो. बोरखेडी सोडलं, सिंदी यायची होती, आणि ब्रेकच्या दाबाचा काटा पडायला लागला. ५ वरून ४, मग एकदम खाली. गाडी थांबली. आता दाब पडला म्हणजे दोनपैकी एक : होज पाइप सुटला, किंवा मागे डबे रुळावरून उतरले. उतरले असतील तर शेजारच्या लाइनवर आडवे पडले असतील, आणि त्या लाइनवरून समोरून गाडी येणार हे मला ठाऊक होतं. अंधारात चाळीस डबे मागचं काय दिसणार?

मी फ्लॅशर, म्हणजे इंजिनावरचा धोक्याचा लुकलुकता दिवा लावला. पण पुढे वळण होतं, त्यात झाडं, त्यात पाऊस. असिस्टंट पोरगा नवाच. फटाक्यांचा डबा आणि लाल दिवा घेऊन तो शेजारच्या लाइनने पळाला. आमचा नियम असा : सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हरने काहीही न विचारता थांबायचं. बाराशे मीटर ऐकायला काही नाही. खडीवरून, रात्री, पावसात धावून बघ. शंभरच्या वेगाची गाडी ते अंतर ४३ सेकंदांत कापते.

मला इंजिन सोडता येत नव्हतं. त्याचा लाल दिवा लहान होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. मग काहीच नाही. टपावर पाऊस. मी घड्याळ बघायचं नाही ठरवलं आणि बघतच राहिलो. बऱ्याच वेळाने लांबून एक आवाज आला, फाट. मग लागोपाठ दोन. मग ब्रेकचा करकराट, आणि वळणाच्या आड एक हेडलाइट आला आणि थांबला.

मागून गार्ड चालत आला तेव्हा कळलं, बाविसाव्या डब्याचा होज पाइप सुटला होता, बाकी काही नाही. शेजारची लाइन साफ होती. समोरच्या ड्रायव्हरने मला दोन शिव्या दिल्या आणि तंबाखू मागितली. पोरगा परत आला तो चिखलाने भरलेला, एक बूट हरवून. सिनेमाच्या हिशोबाने त्या रात्री घडलं काहीच नाही. पण 'थरार' हा शब्द वाचला की मला धर्मेंद्र आठवत नाही, तो वळणावर नाहीसा होणारा लाल दिवा आठवतो.

तेव्हा तुझ्या गोष्टीचं असं कर. स्टेशन नागपूरचंच ठेव, त्याच्यासारखं ठिकाण नाही. चारही दिशांनी गाड्या येतात, दिल्ली, हावडा, चेन्नई, मुंबई, आणि रूळ रुळांना छेदतात त्या डायमंड क्रॉसिंगवर एकमेकींचा रस्ता कापतात. ब्रेक शाबूत ठेव. एक माणूस असा घे ज्याची खात्री चुकलेली आहे आणि ते फक्त प्रेक्षकाला माहीत आहे. सिग्नलच्या पॅनलवरचा मास्तर असेल, चहाच्या बिलावरून भांडून आलेला पॉइंट्समन असेल, डब्याखाली ठिणग्या बघितलेला पण ज्याचा फोन कोणी उचलत नाही असा फाटकवाला असेल. आवाज जपून वापर. खऱ्या स्टेशनवर सगळ्यात भीतीदायक क्षण असतो तो घोषणा मध्येच थांबते तो.

'गार्ड'ला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, संवादात मात्र गार्डच म्हणू दे, आम्ही तेच म्हणतो. ड्रायव्हर आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात, ते वगळू नकोस. त्या दोघांपैकी एकजण एका वेळेस उत्तर देत नाही, एवढ्यावरसुद्धा प्रसंग उभा राहतो.

शूटिंगची परवानगी मध्य रेल्वेच्या जनसंपर्क खात्यातून घ्या. ती मिळेपर्यंत मोबाइल घेऊन रुळांवर उतरू नका, मामाची ओळख तिथे चालत नाही. इंजिनाचे क्लोजअप हवे असतील तर कडबी चौकाजवळच्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जा. छोटी असली तरी खरी इंजिनं आहेत, हात लावून बघता येतं.

दुसरा खर्डा झाला की रविवारी घरी घेऊन ये, मामी पाटवड्या करणार आहे. आणि येताना ती एक नंबरची भिंत तेवढी काढून आण.